लीग कॅनडाला निघाली, तिच्यासोबत मीही

सिअॅटलजवळच्या बॉथेलहून कॅनडातलं व्हँकुव्हर गाडीने अडीच तासांवर आहे. आमच्या ओळखीतले सगळे कधी ना कधी लाँग वीकेंडला जाऊन आलेले. मी मात्र तीन वर्षं इथे राहूनही गेले नव्हते. माझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला जोडलेला. त्यावर मला काम करता येत नाही, आणि पासपोर्टवरच्या शिक्क्याची मुदतही गेल्या वर्षी संपलेली. इथे राहायला मुदतवाढीचा कागद होता, पण एकदा बाहेर पडलं आणि परत येऊ दिलं नाही तर? या ‘तर’पायी आम्ही दर वेळी बेत कॅन्सल केला.

मार्चच्या सुरुवातीला एका मंगळवारी सरनाईककाकांचा फोन आला. “मुक्ता, एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी व्हँकुव्हरला मॅच आहे. टीमला फिजिओ लागेल. येतेस?”

काका मूळचे कोल्हापूरचे, हाडांचे डॉक्टर, आता रिटायर्ड. तरुणपणी पाच वर्षं इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या एका हॉस्पिटलात होते. तिथे त्यांना रग्बी लीगचा नाद लागला. रग्बीचाच एक प्रकार, पण एका बाजूला पंधराऐवजी तेरा खेळाडू. आमच्या किनाऱ्यावर या खेळाची चार संघांची एक छोटी लीग आहे. खेळाडूंना मॅचमागे थोडं मानधन मिळतं, म्हणून ती व्यावसायिक म्हणायची. बाकी आठवडाभर कुणी छपरं शाकारतं, कुणी ट्रक चालवतं. काका त्यातल्या एका संघाचे डॉक्टर. मी नागपूरला फिजिओथेरपिस्ट होते हे त्यांना महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात माझ्याच तोंडून कळलं, आणि पुढच्या गुरुवारी त्यांनी मला मैदानावर नेऊन उभं केलं. पैसे घ्यायचे नाहीत, हौसेने जायचं. घोट्याला पट्टी बांधताना इतक्या दिवसांनी माझ्या बोटांना काहीतरी आठवल्यासारखं झालं.

या वर्षी लीगमध्ये पाचवा संघ आला तो व्हँकुव्हरचा. या मॅचसाठी लीग पहिल्यांदा सीमा ओलांडणार होती.

निनादने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ऑफिसच्या वकिलाला विचारलं. महिन्याच्या आत परत आलीस तर जुन्या शिक्क्यावर घेतील, असं उत्तर आलं. (नियम बदलतात, तुम्ही तुमच्या वकिलाला विचारा. आणि अमेरिकेत शिरताना पासपोर्टला टाचलेला पांढरा कागद सीमेवर कुणाला काढून देऊ नका, परत येताना तोच लागतो.) कॅनडाचा व्हिसा महिन्याभराने हातात आला.

“आणि नाहीच घेतलं तर?” निनादने विचारलं.

“तर तू दर शनिवारी मला भेटायला ये,” मी म्हटलं. तो हसला नाही. पण सकाळी उठून पाहिलं तर माझ्या सगळ्या कागदांची फाइल लावून ठेवलेली होती.

शुक्रवार

टीम दोन व्हॅनमधून पुढे गेली. मी काकांच्या गाडीत. एव्हरेट शहर मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धुकं उतरलं. पावसाळी नव्हे, दुधाळ. हायवेवरच्या गाड्या त्यातून आवाज न करता येत होत्या आणि तशाच विरत होत्या. माउंट व्हर्नन गावाशी काकांनी गाडी हायवेवरून खाली घेतली. “घाई नाही. ट्यूलिप बघून घे.”

एप्रिलमध्ये या वाटेने जाणार असाल तर हा फाटा चुकवू नका. पार्किंगला पाच डॉलर, चिखलासाठी जुने बूट. धुकं जमिनीपासून हातभर वर तरंगत होतं आणि त्याखाली लाल, मग पिवळ्या, मग जांभळ्या फुलांचे लांबलांब पट्टे. आकाश कुठे संपतं ते कळत नव्हतं. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. काका शेताच्या कडेला दशमी आणि ठेचा खात शांत उभे होते.

पुढे बर्लिंग्टनहून आम्ही समुद्राकाठचा जुना रस्ता धरला. अर्धा तास जास्त लागतो, पण डावीकडे पाणी, पाण्यात निळी बेटं, उजवीकडे कातळ. काका यॉर्कशरबद्दल बोलत होते. सोमवारी सकाळी ओपीडीत खाणकामगार यायचे, मोडलेली बोटं घेऊन. “शनिवारी खेळलेले असायचे. नाव विचारलं की आधी कुठल्या जागी खेळतो ते सांगायचे. मी नवा, काळा, माझं इंग्लिश त्यांना कळेना. एकाने मला मॅचला नेलं. त्यानंतर मला तिथे परकं वाटलं नाही.” थोड्या वेळाने म्हणाले, “हा खेळ जिथे जाईल तिथे दोनचार माणसांचं असं होत असेल. म्हणून मला वाटतं, जाऊ दे त्याला कॅनडात.”

ब्लेनच्या सीमेवर हिरवळीत एक पांढरी कमान आहे. आजूबाजूला मुलं खेळत असतात, आणि आपण गाड्यांच्या रांगेत मुंगीच्या पावलाने सरकत असतो. पाऊण तास गेला.

“कशासाठी चाललात?” कॅनडाच्या अधिकाऱ्याने विचारलं.

“रग्बी लीग,” काका म्हणाले.

“म्हणजे रग्बीच ना?”

काकांनी त्याला तेरा आणि पंधरातला फरक समजावला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा त्याने आम्हाला सोडलं.

पलीकडे व्हॅन थांबलेल्या दिसल्या. आमचा कोच ग्लेन, मूळचा ऑस्ट्रेलियन, कमरेवर हात ठेवून उभा होता. दोन खेळाडूंना माघारी पाठवलं होतं. एक ग्रीनकार्ड घरी विसरला होता, दुसऱ्याची कुठलीशी जुनी केस निघाली. सतरा निघाले होते, पंधरा पोचले.

“तेरा मैदानात, दोन राखीव,” ग्लेन म्हणाला. “कुणी पडायचं नाही.”

त्या संध्याकाळी आम्ही व्हँकुव्हरला लागून असलेल्या सरी नावाच्या शहरात एका पंजाबी ढाब्यावर जेवलो. सरसों का साग, मक्याची रोटी, आणि सिअॅटलमध्ये कुठे मिळत नाही अशी ताजी जिलबी. स्वस्त आणि पोटभर. कप्तान सिओने, टोंगा बेटांवरचा, छपरं घालण्याचं काम करतो. त्याने अकरा रोट्या खाल्ल्या आणि ढाब्याच्या मालकिणीने बाहेर येऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

शनिवार

मैदान साधंच, एका शाळेच्या मागचं. पण मागे बर्फाचे डोंगर इतके जवळ की हात लांबवला तर गार लागतील असं वाटावं. तिकीट दहा डॉलर. लोक घडीच्या खुर्च्या, ब्लँकेट, थर्मास घेऊन आले होते. पुष्कळांना नियम ठाऊक नव्हते, ते एकमेकांना विचारत होते. त्यांच्या संघाची व्यवस्थापक मॉरीन, पन्नाशीची बाई, स्वतः गोलपोस्टला रंगाचा शेवटचा हात देत होती.

पहिल्या अर्ध्यात आमच्या एकाचा खांदा निखळला, काकांनी तो बसवला. दुसऱ्याची मांडी भरून आली. दोन्ही राखीव मैदानात गेले. तरी आम्ही बावीस-अठरा पुढे होतो. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना सिओनेने एकाला अडवलं आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या कानामागे बसला. तो खाली पडला, आणि लगेच उठून उभाही राहिला.

मी धावत गेले. “ठीक आहे मी,” तो म्हणाला. डोळे माझ्याकडे होते, पण मला बघत नव्हते.

“आपण कुठे आहोत, सिओने?”

त्याने डोंगरांकडे पाहिलं. “मला आईला फोन करायचा होता,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, “मॅच कधी सुरू होणार?”

मी हात वर करून त्याला बाहेर काढत असल्याची खूण केली.

ग्लेन रेषेवर आला. “उभा आहे तो. चालतोय. दहा मिनिटं आहेत फक्त.”

“त्याला कळत नाहीये तो कुठे आहे ते.”

“त्याच्या जागी पाठवायला माझ्याकडे कुणी नाही. बारा जणांनी खेळायचं?”

“हो.”

मी इतकं स्पष्ट ‘हो’ कुणालाच कित्येक दिवसांत म्हटलं नव्हतं. ग्लेन काकांकडे वळला. “डॉक्टर, तुम्ही सांगा.”

काकांनी चष्मा काढून पुसला. “तपासलं तिने,” ते म्हणाले. “ती म्हणते ते.”

बारा जण जीव तोडून खेळले. शेवटच्या मिनिटाला व्हँकुव्हरच्या एका शाळामास्तराने चेंडू रेषेपलीकडे टेकवला, त्याचे चार गुण; त्यावर मिळणारी किकही खांबांमधून गेली, तिचे दोन. चोवीस-बावीस. आम्ही हरलो. लोक खुर्च्या टाकून मैदानात धावले. ज्यांना तासाभरापूर्वी नियम माहीत नव्हते ते एकमेकांच्या गळ्यात पडत होते. त्या गर्दीकडे बघत काका बाकावर बसून राहिले, ओठांवर हसू, आणि मला कळेना की ते कुणाच्या बाजूचे आहेत.

सिओनेला काका तिथल्या हॉस्पिटलात घेऊन गेले. ग्लेन माझ्याकडे न बघता व्हॅनमध्ये जाऊन बसला. मी पट्ट्या, बर्फाच्या पिशव्या गोळा करत होते तेव्हा मॉरीन आली.

“तू त्याला बाहेर काढलंस म्हणून आम्ही जिंकलो,” ती म्हणाली, “पण मी ते सांगायला नाही आले. आमच्याकडे फिजिओ नाही. तू इथली लायसन्सची परीक्षा दिलीस तर क्लब तुझ्या वर्क परमिटसाठी अर्ज करेल. पगारी काम. विचार कर.”

रविवार

सकाळी लवकर मी एकटीच स्टॅनली पार्कच्या समुद्रकाठच्या वाटेवर चालले. पूर्ण फेरी नऊ किलोमीटरची आहे, निवांत अडीच तास लागतात. पाणी स्थिर होतं, मोठी जहाजं त्यात जागच्या जागी झोपलेली. पाइनचा ओला वास येत होता. मी मनातल्या मनात तिथे घर घेतलं, सकाळी बसने क्लिनिकला गेले, रुग्णाचा गुडघा हळूहळू वाकवला. मग निनाद आठवला, बॉथेलच्या अपार्टमेंटमध्ये एकटाच चहा करणारा, आणि ते घर विरून गेलं. पुढच्या वळणावर पुन्हा उभं राहिलं. फेरी संपेपर्यंत असंच चाललं होतं.

हॉस्पिटलातून फोन आला की सिओनेचा स्कॅन ठीक आहे, पण तीन आठवडे खेळायचं नाही.

परतताना अमेरिकेच्या बाजूला अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट उलटापालटा करून पाहिला आणि मला आतल्या खोलीत बसायला सांगितलं. काका मागोमाग आले. मी निनादने लावलेली फाइल मांडीवर घट्ट धरली. तास गेला. दुसऱ्या एका बाईने कागद चाळले, कुणाला तरी फोन केला.

“घाबरू नकोस,” काका म्हणाले.

“घाबरलेय, काका. पण काल केलं ते चुकलं नाही ना?”

“ज्या दिवशी तुला हा प्रश्न पडायचा बंद होईल त्या दिवशी काम सोड,” ते म्हणाले.

बाईने पासपोर्ट परत दिला. “जा,” ती म्हणाली. तेवढंच.

घरी

निनाद पार्किंगमध्येच उभा होता. वर जाऊन त्याने वरण-भात वाढला आणि मी त्याला सगळं सांगितलं, मॉरीनचं बोलणंही. त्याने माझ्या पानात आणखी भात वाढला. मग म्हणाला, “व्हँकुव्हरला आमच्या कंपनीचंही ऑफिस आहे. मी विचारून बघू का?” मी म्हटलं, इतक्यात नको. पण त्याने विचारून बघू म्हटलं हे मी किती तरी दिवस मनात घोळवत राहिले.

बुधवारी ग्लेनचा फोन आला. “सिओने प्रॅक्टिसला येतो म्हणतोय. माझं ऐकत नाही. उद्या ये आणि त्याला घरी पाठव.” मग त्याने “प्लीज” म्हटलं.

तुम्ही या वाटेने गेलात तर ट्यूलिप बघा, समुद्राकाठचा रस्ता घ्या, सरीची जिलबी खा. व्हँकुव्हरचा संघ या वर्षी लीगमध्ये टिकेल की नाही ते कुणालाच माहीत नाही, पुढच्या मॅचला किती खुर्च्या येतील त्यावर आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर धुक्यातली फुलं आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात, पण मैदानात हात वर केला तो क्षण उघड्या डोळ्यांसमोर असतो.

गुरुवारी सकाळी मी नागपूरला आईला फोन केला, मॉरीनचं बोलणं सांगितलं. म्हटलं, माझ्या कॉलेजच्या सगळ्या मार्कशीट शोधून ठेव, मला इथे परीक्षा द्यायची आहे.

“कुठची गं? अमेरिकेची की त्या कॅनडाची?”

“अजून ठरलं नाही, आई.”

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग ती बाबांना सांगताना ऐकू आली, “अहो, झेरॉक्सवाल्याकडे जा बरं. दोन सेट करून आणा.”