उल्कांच्या बातमीशी भांडणारा माणूस

वर्तमानपत्राच्या बुलढाण्यातल्या ऑफिसातून फोन आला, तेव्हा मला वाटलं, हे पुन्हा भांडले. ‘काकू, सर जिन्यात बसले ते उठून नाही राह्यले,’ पलीकडून कुणीतरी म्हणालं... मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दोन महिने होत आले, तरी माझा राग जात नाही. उल्कावर्षावाच्या बातमीतला एक आकडा बदलून घ्यायला गेला होता माझा नवरा. माणसानं मरायला जागा तरी बरी शोधावी!

हे कॉलेजात भूगोल शिकवायचे. उल्का मोजायचा छंद. उंद्रीच्या आमच्या शेतात सतरंजी टाकून तासन्‌तास आभाळाकडे बघत पडायचे. त्याला माझी ना नव्हती. पण पेपरात ‘आज उल्कांचा पाऊस, तासाला शंभर!’ असं आलं की यांचं डोकं फिरायचं. तो आकडा काळ्याकुट्ट, बिनचंद्राच्या आभाळाचा, तोही मध्यरात्र उलटल्यावरचा. लोक मात्र जेवणं आटोपून लगेच लेकराबाळांसकट शेतात हजर. गाड्यांचे दिवे, मोबाइल, भज्यांचे पुडे. काही दिसलं नाही की बोल यांना, कारण माहिती देणारे म्हणून बातमीत नाव यांचं. बस स्टँडवर एकानं विचारलंच, ‘काऊन सर, कुठं पडला तुमचा पाऊस?’ मी म्हटलं, सोडा आता हा नाद. तर म्हणाले, ‘एकडाव फसलेला माणूस पुन्हा वर पाह्यत नाही. मले तेच खपत नाही.’

मग बातमी स्वतःच लिहून द्यायला लागले. जागा कमी पडली की पेपरवाले बातमी खालून कापतात, आणि यांची वेळेची ओळ नेमकी शेवटी. ती हमखास जायची. हे कळल्यावर वेळ आणि चंद्र पहिल्याच वाक्यात आले. तर मथळा त्यांचा, त्यात परत शंभर! मग मथळाही हेच देऊ लागले. एका वार्ताहराला शेतात बोलावलं, म्हटलं, स्वतः मोज; तो मोबाइलात डोकं घालून बसला. सणासुदीलाही भरलं ताट सोडून यांची स्वारी त्या ऑफिसात. नुसता वैताग होता जिवाला... आणि आता तो वैताग नाही, तर घर खायला उठतं.

परवा त्याच ऑफिसातली नवी वार्ताहर मुलगी घरी आली. बातमीचा कागद पुढं करून म्हणाली, ‘छापायच्या आधी विचारत जा, असं सर नेहमी सांगायचे. आता कोणाले विचारू, काकू?’ असा संताप आला मला! विचारायचं आत्ता सुचलं होय या पेपरवाल्यांना? तरी वाचलं. वेळ बरोबर, या खेपेला चंद्र आहे हेही बरोबर, आणि पुढं तेच शंभर. चंद्र असला की किती दिसतात, हे यांच्या तोंडून ऐकून ऐकून मला पाठ झालंय. मी शंभर खोडलं आणि वर लिहिलं, ‘पंधरा-वीस दिसल्या तरी खूप.’

ती चुळबुळली. ‘एवढ्याशासाठी लोक येतीन का, काकू?’

‘थोडेच येतीन,’ मी म्हटलं. ‘पण पुढच्या साली पुन्हा येतीन.’