अक्काचं दूध

अक्काचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. आमची आई नव्हती आणि जळगावच्या घरात बाळंतिणीचं करणारं कुणी नव्हतं. म्हणून वडिलांनी मलाच तिच्या सासरी, सोनगीरजवळच्या गावी, पाठवून दिलं. मी इंग्रजी शाळेतून नुकतीच बाहेर पडले होते आणि बाळंतपणातलं मला काहीएक कळत नव्हतं. पाणी तापवायची, दुपटी धुवायची, शेगडीत निखारे घालायची. उरलेला वेळ कोपऱ्यात बसून बघत राहायची. चार माणसांत मला बोलता येत नाही.

बाळंतिणीची खोली अंधारी होती. वारा लागू नये म्हणून दाराला घोंगडी लावलेली. लढाईचे दिवस, रॉकेल मिळत नव्हतं, तेव्हा कोनाड्यात तेलाची एक वात तेवढी असायची. अक्का बाजेवर आडवी, बाजेखाली शेगडी, कुशीत पोर. बाळंतिणीने उठून बसायचं नाही, कंबर धरते, म्हणून पाजायचंही आडव्यानेच.

पोर तोंड लावायची, ओढल्यासारखं करायची आणि सोडून द्यायची. मग ठसका लागायचा आणि दूध नाकातून बाहेर यायचं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हातातलं दुपटं तसंच धरून मी उभी राहिले. दूध नाकातून येऊ शकतं हेच मला ठाऊक नव्हतं.

"सर्दी शे," शेजारच्या बायका म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नजर शे." पोरीचा आवाज मात्र रोज बारीक होत चालला होता. मांड्यांची कातडी सैल पडून तिला सुरकुत्या आल्या होत्या, म्हाताऱ्या माणसासारख्या. अक्काची छाती दुधाने दगड झालेली आणि कुशीतलं लेकरू उपाशी. हे मी सकाळ-संध्याकाळ बघत होते.

एका सकाळी आत्याबाई, म्हणजे अक्काच्या सासूबाई, पितळेची वाटी घेऊन आत आल्या. "पिळ," म्हणाल्या. अक्काने दूध पिळून दिलं. आत्याबाईंनी घोंगडी बाजूला सारली, वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि भिंतीवरची एक काळी मुंगी चिमटीत धरून त्यात सोडली. शेजारणी भोवती वाकल्या. मुंगी दुधातून चालून काठाला आली तर दूध चांगलं, मेली तर बाधणारं, अशी ती परीक्षा होती.

मुंगीने पाय हलवले, गोल फिरली आणि थांबली.

"मरी गई," एक म्हणाली.

"दूध इख शे," आत्याबाई म्हणाल्या. विषाला तिकडे इख म्हणतात. "आते पाजू नको पोरीले."

अक्का स्वतःच्या छातीकडे बघत राहिली, परक्या कुणीतरी आणून ठेवलेली वस्तू असावी तशी. मला राहवलं नाही. अगदी हळू म्हणाले, "कुठलीही मुंगी दुधात बुडेलच की."

"अय मडमबाई," शेजारीण म्हणाली, "तुन्ही शाळामां मुंगीस्ले पोहाले शिकाडतस का?"

सगळ्या हसल्या. अक्काही हसली, सवयीने. मी दुपटी उचलली आणि धुवायला गेले. त्या दिवसापासून अक्काचं दूध पिळून राखेत टाकायचं आणि पोरीच्या जिभेवर गुळाच्या पाण्याचा बोळा टेकवायचा असं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीचं तोंड पुसायला मी तिला दाराशी नेलं. घोंगडी सरकली, ऊन तिच्या तोंडावर आलं आणि ती रडली. तोंड चांगलं मोठं उघडलं. तिचे ओठ धड होते, रेखीव म्हणावे असे. पण आत टाळूच्या जागी मधोमध फट होती. फटीच्या वर नुसता काळोख. आपल्या तोंडाला वरून छत असतं, याचा मी जन्मात कधी विचार केला नव्हता. आता ते नसलेलं तोंड माझ्या हातात होतं. ही चोखणार कशी? चोखलेलं सगळं वर नाकात जाणार.

पोरीला अक्काजवळ ठेवून मी परसात गेले. आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आत्याबाई, तिच्या टाळूला भोक आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "माले ठाऊक शे."

मला वाटलं, त्यांना कळलं नाही. मी स्वतःच्या तोंडात बोट घालून दाखवलं.

"ठाऊक शे ना, बाई. पह्यल्याच दिवशी बोट घालीसन देखं मी." एक शेंग फुटली, दाणे सुपात पडले. "मन्हा पह्यला पोऱ्या बी असाच व्हता. मी पाजू, त्याना नाकमाईन येवो. पाजू, नाकमाईन येवो. मन्हा मांडीवर सुकी गया तो. तुन्ही अक्काले आते माया लागी तं पुढे जड जाई. माया लवकर तुटनी तं बरं."

"मग ती मुंगी?"

"मुंगी तं दूधमां मरसच," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तिले सांगू नको."

मी तिथेच जमिनीवर बसले. मला त्या अडाणी वाटल्या होत्या. त्या अडाणी नव्हत्या. सगळं माहीत असून त्यांनी ती वाटी उंबऱ्यावर ठेवली होती, आणि तेही माझ्या अक्काची दया येऊन. याचा राग कसा करायचा हे मला कळेना. त्यांचा हात तर थांबलाच नव्हता.

संध्याकाळी दाजी जेवायला बसले. ते गावच्या शाळेत मास्तर होते, थोडं इंग्रजी शिकलेले. पुरुषमाणूस म्हणून बाळंतिणीच्या खोलीतलं ते काही विचारत नसत आणि आम्ही बायका सांगत नसू. मी त्यांच्याशी तोवर 'भाकरी हवी का' याखेरीज बोलले नव्हते. आत्याबाई समोरच भाकरी थापत होत्या. मराठीत ते वाक्य माझ्या तोंडून निघालंच नसतं. मी ताटात भाजी वाढता वाढता ते इंग्रजीत बोलले. मुलीच्या टाळूला फट आहे, दूध विषारी नाही, ती उपाशी मरते आहे, धुळ्याला न्या.

दाजींचा घास हातातच राहिला. "काय म्हनस ती?" आत्याबाईंनी विचारलं.

"काही नाही, माय," दाजी म्हणाले. "सकाळच्या मोटारीने धुळ्याला जायचंय."

अक्काला बाळंतिणीची खोली सोडता येत नव्हती. आणि तरण्या मेव्हणीने दाजींबरोबर एकटीने मोटारीतून जायचं नाही, म्हणून आत्याबाई सोबत आल्याच. कोळशावर चालणारी ती मोटार चढावर दम घेत होती. पोर माझ्या मांडीवर आडवी होती आणि रडणं सोडून नुसते ओठ हलवत होती. धुळं येईपर्यंत हलतील ना, एवढंच मी बघत होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मराठी होत्या, जाड चष्म्याच्या, घाईतल्या. त्यांनी पोरीच्या तोंडात बोट घातलं आणि म्हणाल्या, "हिला चोखता येत नाही. गिळता येतं. मग चोखायचं काम तुम्ही करा." त्यांनी पोरीला मांडीवर जवळजवळ बसती धरली, मान हाताने पेलून, आणि बोंडल्यात पातळ दूध घेऊन त्याची चोच तिच्या गालाच्या आतल्या बाजूला लावली. थोडं सोडलं, थांबल्या. पोरीच्या गळ्यात काहीतरी हललं. पुन्हा थोडं. थोडंसं नाकाशी आलं, ते पुसलं. पुन्हा.

"आईला दूध आहे ना? तेच हाताने काढून पाजा. आडवं कधी धरू नका. मोठी झाली की मुंबईला टाळू शिवतात." टाळू शिवायचं अजून व्हायचंय. पोर हल्ली अंगणात पळते आणि नाकात बोलते.

आत्याबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. बोंडलं रिकामं झालेलं त्यांनी वाकून पाहिलं. मग विचारलं, "असंच बठाडीसन पाजं असतं, तं तोबी जगता का?"

डॉक्टरीणबाईंना वाटलं, कुठल्या शेजारपाजारच्या मुलाचं विचारताहेत. बोंडलं विसळत त्या मोकळेपणाने म्हणाल्या, "जगला असता की! का नाही जगणार?"

आत्याबाईंनी मान हलवली, भाजीचा भाव ऐकून हलवावी तशी. दाजी माझ्याकडे बघू लागले. आपल्याआधी एक भाऊ होऊन गेला, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी खाली बघितलं.

परतीच्या मोटारीत पोर आत्याबाईंनी घेतली. छातीशी उभी धरलेली, पदर स्वतःच्या तोंडावर ओढलेला. मोटार खड्ड्यातून आदळत होती आणि धुळ्यापासून त्यांनी हात बदलला नव्हता. दमल्या असतील म्हणून मी म्हणाले, "द्या, मी घेते थोडा वेळ."

"नको," पदराआडून आवाज आला. "तू आडवी करशी."