शेजारच्या सीटवरचा रुमाल

कोणी एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकला की मला पुसदच्या कॉलेजच्या दिवसांतली एक संध्याकाळ आठवते. सकाळीच केमिस्ट्रीच्या सरांनी शिकवलं होतं, की अणूतल्या सारख्याच ऊर्जेच्या ऑर्बिटलमध्ये, म्हणजे कप्प्यांमध्ये, इलेक्ट्रॉन प्रवाशांसारखे शिरतात; आधी एकेक जण वेगळं बाक धरतो, बाकं संपली की मगच जोडीनं बसतात. परतीची बस अख्खी रिकामी होती, तरी वर्गातल्या मैत्रिणीनं शेजारच्या तापल्या सीटवर माझ्यासाठी रुमाल टाकून ठेवला होता. "सरायचा नियम विसरली का?" म्हणत मी ऐटीत पुढच्या बाकावर बसलो. "आपण काय इलेक्ट्रॉन आहो का?" ती हळूच म्हणाली, तिनं रुमाल उचलला आणि त्या सीटवर आपली बॅग ठेवली. आताही रिकाम्या बसमध्ये मी शेजारी रुमाल ठेवतो, कंडक्टर विचारतो, "कोणी येऊन राह्यलं का?"