उपडा तांब्या

अंबिका भूशास्त्रात एम.एस्सी. करत होती, म्हणजे गावच्या भाषेत नांदेडला दगडं शिकत होती. शनिवारी विद्यापीठातली ही पोरं शाळांमधून भूकंप समजावून सांगायला जात. बाकीच्यांकडे रंगीत तक्ते असत; अंबिकाकडे आईचा पितळी तांब्या.

आई सिंधु जुन्या किल्लारीची. भूकंपाच्या पहाटे चौदा वर्षांची होती. म्हाताऱ्या आजीला बाहेर काढताना ती धाकट्या बहिणीला म्हणाली, "हितंच थांब, मी आले." बहीण सांगितलेलं ऐकणारी. ती थांबली. आई ही गोष्ट नेहमी इथंच संपवायची. तेव्हापासून घरात तांब्या उपडा घालून त्यावर स्टीलचा ग्लास ठेवलेला असतो. जमीन हलली की ग्लास पडणार आणि सगळ्यांनी अंगणात पळायचं. शिकून शहाणी झालेली अंबिका आधी या यंत्राची यथेच्छ टिंगल करायची. मग आईकडचा दुसरा तांब्या मागून घेऊन तेच वर्गात नेऊ लागली, कारण पोरांना ते तक्त्यापेक्षा लवकर कळायचं.

त्या शनिवारी शिरूर अनंतपाळजवळच्या एका शाळेत पाचवीचा वर्ग जुन्या दगडी खोलीत भरला होता. अंबिकानं तांब्या टेबलावर मांडला.

"ग्लास पडला की बाकाखाली शिरायचं. मी सांगेपर्यंत बाहेर यायचं न्हाई."

पोरं पाळीपाळीनं टेबल हलवत, ग्लास खणकन पडे, वर्ग खिदळत बाकाखाली. तीनदा झालं. चौथ्यांदा ती ग्लास ठेवून फळ्याकडे वळली आणि ग्लास पडला.

"कोन हलवलं रे?"

"कुनीच न्हाई, मॅडम!"

टेबलाजवळ खरंच कोणी नव्हतं. खिडक्या खडखडत होत्या, आढ्यावरून माती गळत होती. पोरं मजेत बाकाखाली बसली होती. अंबिकाची नजर भिंतींवर गेली. माती-दगडाची भिंत हलली की काय होतं यावर तिनं वीस पानांचा निबंध लिहिला होता, पण सकाळी या भिंतींकडे एकदासुद्धा पाहिलं नव्हतं.

"भायेर! समदी भायेर पळा!"

मैदानात हेडमास्तर ईश्वरप्पांनी पोरं मोजली. एकतीस. पट बत्तीसचा.

"पुनम कुठंय?"

अंबिका वळून धावली. "मॅडम, हितंच थांबा!" मास्तर ओरडले. ती थांबली नाही.

धुळीत तिसऱ्या बाकाखाली पुनम बसली होती, दोन्ही हात डोक्यावर, अगदी शिकवल्याबरहुकूम. चेहरा खुललेला.

"तुमी फसवायलात ते मला कळलं, मॅडम. समदे आऊट झाले. मी हलले न्हाई."

अंबिकानं तिला उचललं आणि बाहेर येईपर्यंत खाली ठेवलं नाही. धक्का लहान होता. खोली उभीच राहिली. पण स्वतःचा इतका राग अंबिकाला कधी आला नव्हता.

तेवढ्यात आईचा फोन आला. "हितं ग्लास पडला गं. पोरं समदी भायेर आली का?"

"आली. एक मागं राहिली होती, आई. मीच तिला थांब म्हणले होते."



"तू माघारी गेलीस न्हवं?"

"हाव."

"मी बी गेल्ते," आई म्हणाली. "पर तवा दारच ऱ्हायलं नव्हतं."