रोज दाबलेलं बटण

जवळ ये, कान धरायचाय तुझा, पण तू तिकडे दूर, म्हणून पत्रातच रागावते. तुझ्या हायब्रीड गाडीचं चालू करायचं बटण तू सांगितल्यासारखं मी रोज दाबत होते, तरी खाली तेल गळलंच. उल्हासनगरच्या मिस्त्रींनी ती गॅरेजात नेली, मी शेजारी स्टुलावर. म्हातारा माणूस. इंजिनातलं तेल अडवणारी रबरी चकती, नवं ऑइल सील, बसवण्याआधी त्याच्या रबरी कडेला करंगळीने तेल लावत होते, बाळाच्या टाळूला लावावं तसं. जुनं सील त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. कडक, तडकलेलं.

“ताई, बटण दाबलं की नुसती बॅटरी जागी होते. इंजिन फिरलंच नाही, रबर सुकलं.” मग खाली बघत म्हणाले, “माझा मुलगापण रोज फोन करतो. घरी मात्र येत नाही.”

तुझाही फोन येतो रे रोज. आता लवकर ये, गाडीसाठी नको, मला भेटायला.