अक्काचा दहावा हौदावर होणार नाही

अक्का आज सकाळी गेली, आणि तिच्या दहाव्याला गावात घाट नाही.

स्मशानातून परतलेली माणसं ओट्यावर बसली होती. त्यातला एक मला म्हणाला, "टेन्शन नको घेऊ ताई, गेटजवळचा हौद आहे ना. नळ पण आहे."

मयताच्या घरी भांडू नये म्हणतात. मी भांडले.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगते. अक्का आमच्या गल्लीची. श्रावणात गल्लीची कानबाई, आम्हा खानदेशातल्या बायांची देवी, तिच्याच घरी बसायची. रविवारी रोटांचा नैवेद्य. सोमवारी सकाळी नारळाची, नथ घातलेली कानबाई डोक्यावर घेऊन अक्का पुढे, आणि आम्ही सगळ्या फुगड्या घालत मागे, थेट गिरणेच्या घाटावर. वाहत्या पाण्यात कानबाईला न्हाऊ घालायचं आणि घरी आणायचं.

घाट दगडी, पणज्यांच्याही आधीचा. धुणी, दहावे, पोहायला शिकणं, सगळं तिथेच.

नव्वदच्या आसपास गावच्या पुढाऱ्यांनी ती जागा पडीक ठरवली.

पडीक!

मग रो-हाऊसेस आली. गेट, वॉचमन, ब्रोशरवर आमच्याच नदीचा फोटो. घाटाचे दगड कंपाउंडच्या पायात गेले.

आणि गावातले पुरुष गप्प का बसले? बिल्डर म्हणाला, "बायांच्या कानबाईसाठी टाइल्सचा हौद बांधून देतो." एवढ्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी बायकोला विचारायचं एकालाही सुचलं नाही. कानबाईला वाहतं पाणी लागतं, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पुढच्या श्रावणात पुढारी रिबन-कात्री घेऊन हौदापाशी उभे. अक्काने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ गेटवर.

वॉचमन आमच्यातलाच. रडवेला झाला बिचारा. "अक्का, साहेबनी सांगेल शे, कोनलेच मझार सोडू नको."

"साहेबले सांग, नदी तुन्हा बापनी नही शे. कानबाई मांगे फिरत नही."

तो बाजूला झाला. पण आत घराला घर चिकटलेलं, नदीकडे जायला बोळसुद्धा नाही. अक्का पहिल्याच घराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाई व, कानबाई दारमा उभी शे."

दार उघडणारी बाई गावात नवी होती, पण माहेर खानदेशातलंच, नरडाण्याकडचं. तिने डोक्यावर पदर घेतला. तांब्या आणून अक्काच्या पायांवर पाणी घातलं, कानबाईला हळद-कुंकू लावलं, आणि मागचं दार स्वतः उघडलं.

"अगं, हॉल! हॉल!" तिचा नवरा पेपर धरून ओरडत होता. त्याच्या नव्या सोफ्याला वळसा घालून हलगीसकट अख्खी गल्ली नदीवर गेली.

पुढे कितीतरी वर्षं कानबाई त्याच दारातून गेली. मग ते घर विकलं गेलं, नव्या मालकाने मागे भिंत घातली. बाकीच्या गल्ल्या हौदावर जायला लागल्या. अक्का मात्र लांबच्या वाटेने, बाभळीतून, गुडघा धरून नदीवरच जायची.

एकदा मी म्हटलं, "अक्का, पुरे आता. हौदावर जाऊ."

"जवय मी मरसू, तवय मन्हा दहावा बी हौदवरच करशात का व?"

तेव्हा आम्ही सगळ्या हसलो होतो. आज ओट्यावर तेच कानांनी ऐकलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

सोसायटीतले काही जण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, म्हणून इथेच लिहिते. दहाव्याच्या सकाळी आम्ही बाया अक्काच्या अस्थी घेऊन गेटवर येतोय. पहिल्या घराने दोन्ही दारं उघडी ठेवावीत. मागच्या भिंतीला शिडी आम्ही आणतो.

पायांवर पाणी घालायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

जाय माय अक्का. नदीपर्यंत आम्ही शेत तुन्हा संगे.