हद्दीबाहेरची मरणं

नामांतरावरून मराठवाडा धुमसत होता, त्या वर्षांत मी जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात नर्स होते. येलदरीच्या अलीकडं एका खेड्यात माझं उपकेंद्र होतं. उपकेंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल आणि लसींचा डबा.

त्या उन्हाळ्यात गावापासून कोसभर लांब पाझर तलावाचं काम निघालं, रोजगार हमीचं. आसपासच्या खेड्यांतली माणसं लेकराबाळांसकट तिथंच तुराट्यांच्या झोपड्या घालून राहिली. नाल्याच्या अलीकडं मराठा, वंजारी, धनगर, तर पलीकडं बौद्धांची घरं. पाण्यासाठी नाल्यात खोदलेले झिरेही वेगवेगळे होते. गढूळपणात मात्र दोन्हींत काही फरक नव्हता.

पलीकडच्या झोपड्यांत माझ्याच वयाची एक बाई होती. पोरीला सुई टोचून घ्यायला माझ्याकडं यायची. नवरा दगड फोडायचा, ही पाटीनं माती वाहायची. सगळ्यांत आधी तिचाच नवरा पडला. रात्रभर ढाळ, वांत्या. उजाडल्यावर त्याला बैलगाडीत घालून आरोग्य केंद्राच्या दवाखान्याकडं नेलं, पण वाटेतच तो गेला. गाडी तशीच माघारी फिरली आणि संध्याकाळी त्याला नाल्याकाठी जाळलं. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी.

जलसंजीवनीच्या होत्या तेवढ्या पुड्या घेऊन मी गेले, तर झोपडी-झोपडीत माणसं आडवी. पुड्या संपल्या तशी मी मीठ-साखरेचं पाणी करायला शिकवलं. डोळे खोल गेलेले, नाडी लागत नसलेले पेशंट गाडीत घालून दवाखान्याला धाडले. तिथं एकच डॉक्टर, तरुण, नाशिककडचा. जीप बंद पडलेली. खाटा भरल्या म्हणून माणसं व्हरांड्यात निजवलेली, सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजाला टांगलेल्या. डॉक्टरांचेच डोळे इतके लाल होते की आजारी कोण, असा प्रश्न पडावा.

मी सलाईन मागितलं. ते म्हणाले, "बाई, साथ जाहीर झाल्याशिवाय जादा माल मिळत नाही. आणि मरणं दिसल्याशिवाय साथ जाहीर होत नाही. कागदावर एकच मरण आहे. माझ्या दवाखान्यात झालं ते."

"सात झालीत, साहेब."

"मी पाहिलं नाही ते मी कसं लिहू?"

मरणांची नोंद करायला मी ग्रामसेवकाकडं गेले. माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "बाई, ही मानसं माझ्या गावची न्हाईत. त्यांच्या त्यांच्या गावात नोंद व्हईल की." नवरा गेलेल्या त्या बाईचा दीर त्यांच्या गावी जाऊन आला होता. तिथल्या ग्रामसेवकानं त्याला सांगितलं होतं, "तो आपल्या हद्दीत मेला न्हाई."

आमच्या ग्रामसेवकाचं उत्तर मी तिला सांगितलं तेव्हा ती पोरीला चमच्यानं पाणी पाजत होती. चमचा तसाच हातात धरून तिनं विचारलं, "म्हंजे माझा मालक मेलाच न्हाई?"

तिनं पोरीचं तोंड पुसलं. "सायेब लोक कामावर येतेत का न्हाई?"

"परवा येणार आहेत. कामाची पाहणी करायला."

"मंग आमी थितंच उभं राहतो. जिथं जाळलं, जिथं पुरलं, तिथं. येऊन बघा म्हनावं."

त्याच दुपारी नाला ओलांडून ती अलीकडच्या झोपड्यांत गेली. मीही सोबत गेले. लोक कचरले. मुकादमानं आधीच धाक घातला होता, बोभाटा झाला तर काम बंद पडेल म्हणून. एक म्हातारबा म्हणाला, "काम बंद पडलं तर खायाचं काय?"

ती म्हणाली, "पानी असंच राहिलं तर खायाला कोन उरतंय, बाबा?"

त्याची आई तीन दिवसांपूर्वी गेली होती. तो उठला आणि शेजारच्या झोपड्यांत सांगायला गेला.

पाहणीच्या सकाळी जीप आली. जिल्ह्याचे एक अधिकारी होते, सोबत आमचे डॉक्टर. मुकादमानं पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारून ठेवल्या होत्या, पण खोदकामावर माणूस नव्हतं. पाट्या पालथ्या पडलेल्या.

"संप आहे का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही साहेब," मी म्हणाले. "माणसं नाल्याकाठी उभी आहेत. तुम्ही एकदा त्यांच्यापर्यंत चला."

चालत गेलो. राखेच्या पहिल्या ढिगापाशी म्हातारबा उभा होता. "माय होती माझी. ढाळानं गेली." पुढच्या ढिगापाशी दोघं भाऊ, त्यांचा बाप गेलेला. पुढं दगडांची एक इवलीशी रास. तिथं ओली बाळंतीण आई आणि तिची सासू. सासूच बोलली, "नात व्हती. बारसं बी झालं न्हवतं." अधिकाऱ्यांनी काळा चष्मा काढून खिशात घातला.

ते जीपकडं वळले, तशी मी म्हणाले, "अजून पलीकडं आहेत, साहेब."

"नाल्यात पाणी आहे ना?"

"घोट्याइतकं."

त्यांनी वाकून बूट काढले.

पलीकडं ती पदर खोचून, पोरीला कडेवर घेऊन उभी होती. "हा माझा मालक," राखेकडं हात करून ती म्हणाली. "गाडीत मेला, वाटंवर. ती वाट कुनाच्या हद्दीत हाय ते तुमी ठरवा, सायेब. पन मेला हाय."

मग डॉक्टर पुढं झाले. "साहेब, या लोकांच्या आणि नर्सबाईंच्या सांगण्यावरून मी नोंद करतो. सही माझी."

दुसऱ्या दिवशी टँकर आला. सलाईनची खोकी आली, आणखी दोन डॉक्टर आले. दोन्ही झिरे बुजवले. टँकरपुढं आधी दोन रांगा लागल्या. नळ एकच होता, म्हणून कुरकुरत का होईना, रांगही एक झाली. पलीकडचा एक म्हातारा मात्र त्यानंतरही गेला, त्याला फार उशीर झाला होता. त्याचीही नोंद झाली. आठवडाभरात साथ हटली आणि काम पुन्हा सुरू झालं.

राहिली ती बारसं न झालेली पोर. तिच्या जन्माचीच नोंद नाही, मग मृत्यूची कशी करणार, असं तालुक्याहून उत्तर आलं. मी सोडलं नाही. तिच्या आईला घेऊन एसटीनं जिंतूरला हेलपाटे घातले. पावसाळा सरता सरता एका क्लार्कनं दोन्ही नोंदी एकदम करायचं कबूल केलं.

"नाव काय पोरीचं?" त्यानं विचारलं.

आई माझ्याकडं बघायला लागली. मग तिनं तिथंच, टेबलापुढं उभ्या उभ्या, लेकीचं नाव ठेवलं. क्लार्कनं ते लिहिलं. ती म्हणाली, "वाचून दावा." त्यानं वाचून दाखवलं.